कानातली सोबत

अमेरिकेहून आलेल्या त्या हेडफोनला वायर नव्हती, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच. वायर असती तर आत्या कॉम्प्युटरपुढं खुर्चीवर बसून बोलल्या असत्या, बोलणं झाल्यावर उठल्या असत्या, आणि हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला आम्ही बोरी बुद्रुकला मळ्यात राहायचो, म्हणजे अजूनही राहतो. घरात माणसं तीनच. मी, माझा नवरा आणि आत्या. नणंद लग्न होऊन अमेरिकेला गेलेली. तिला मी वन्सं म्हणते.

कॉम्प्युटर यायच्या आधी वन्संशी बोलायचं म्हणजे फोनचं बूथ गाठायचं. तिथं आत्या रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायच्या आणि अमेरिका लांब, म्हणून जीव खाऊन ओरडायच्या. लेकीनं काय खाल्लं, जावयाला सर्दी झाली का, तिकडं कोथिंबीर मिळती का, सगळं बाहेर रांगेत उभ्या असलेल्या गावाला ऐकू जायचं. बूथवाला काचेचं दार लावून घ्यायचा, तरी काही उपयोग नसायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग नवऱ्यानं कॉम्प्युटर घेतला. मी लग्नाआधी मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, त्यामुळं घरातली त्या विषयातली शहाणी मीच. फोनच्याच तारेवर ब्रॉडबँड इंटरनेट आलं, त्यात फोनही चालू राहायचा, आणि कॉम्प्युटरवरून अमेरिकेशी बोलता यायला लागलं. आत्यांचा विश्वास बसेना. कोण फुकटात एवढं बोलू देतंय, यात काहीतरी फसवाफसवी आहे, असं त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या. पण आवाज असा स्वच्छ यायचा की वन्सं जणू मागच्या खोलीत बसलीय. ओरडायची गरजच संपली. आत्या हळूहळू बोलायला लागल्या, आणि पुढं पुढं तर इतक्या हळू की आम्हालाही ऐकू येऊ नये. मायलेकींची गुपितं असतात. असू देत बाई, मला काय करायचंय.

अडचण एकच होती. वन्संचा नवरा ऑफिसला गेला की तिकडं तिची सकाळ रिकामी व्हायची, आणि तिची सकाळ म्हणजे आमची दिवेलागण. ती दिवसभर त्या घरात एकटी. आजूबाजूला कोणाशी ओळख नाही, बाहेर बर्फ. आईचा आवाज ऐकला नाही तर तिला दिवस जात नसे. आणि दिवेलागणीला आमच्याकडं गाईंच्या धारा काढायच्या असतात. आत्या खुर्चीवर बसायच्या, पण जीव गोठ्यात. मध्येच उठायच्या तर हेडफोनच्या वायरीनं मान मागं ओढली जायची. हे वन्संनी ऐकलं आणि कोणाबरोबर तरी तो बिनवायरीचा हेडफोन पाठवून दिला. एक डबी कॉम्प्युटरला जोडायची, हेडफोन डोक्याला लावायचा आणि घरभर, अंगणभर फिरायचं. दोन्ही कान गच्च झाकणारे मऊ वाटे होते त्याला, तोंडापुढं वाकवलेली माईकची काडी आणि बाजूला मिणमिणणारा निळा दिवा.

आता आमच्याकडच्या दिवेलागणीचं थोडं सांगायला हवं. कालव्याचं पाणी आल्यापासून चौफेर ऊस. आणि ऊस आला तसा त्यात बिबट्या आला. आम्ही त्याला वाघच म्हणतो. उसातच पिल्लं घालतो, उसातच राहतो, कुत्री-शेळ्या उचलतो. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. म्हणून आमच्या वस्तीवर एक रीत पडली होती. दिवस कलल्यावर गोठ्यात एकट्यानं जायचं नाही. दोघी पाहिजेत. एकीनं काम करायचं, दुसरीनं बॅटरी घेऊन उभं राहायचं, आणि तोंड बंद ठेवायचं नाही. मोठ्यानं बोलत राहायचं, काहीही. मी आणि आत्या त्या वेळात भांडून घ्यायचो. खरंच सांगते. दिवसभरात साचलेलं सगळं, मीठ कोणी जास्त टाकलं इथपासून माझ्या माहेरच्यांनी लग्नात काय केलं नाही इथपर्यंत, धार काढता काढता मोठमोठ्यानं निघायचं. घरात परत आलो की दोघींची डोकी शांत. नवरा म्हणायचा, तुमच्या आवाजानं वाघ काय, कोल्हा पण फिरकायचा नाही.

हेडफोन आला त्याच आठवड्यात आत्या बादली घेऊन एकट्या निघाल्या. मी बॅटरी घेऊन मागं आले तर म्हणाल्या, "तू कशाला? भाकरी टाक जा."

"आत्या, एकटीनं जायचं नसतं."

"मी एकटी कुटं हाये? लेक हाये की कानात."

मी म्हटलं, कानातली लेक बॅटरी धरणार आहे का. त्यावर त्या हसल्या आणि गेल्या. मी नवऱ्याकडं तक्रार केली. तो म्हणाला, "जाऊ दे की, गोठा काय लांब हाये का? आई बोलतच असती ना." त्याच्या हिशेबात बोलणं म्हणजे बोलणं, हळू काय नि मोठ्यानं काय. मी रागानं दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण आत्यांना अडवणं माझ्या हातात नव्हतं. त्या ज्या तऱ्हेनं हसत होत्या, तशा त्या माझ्याबरोबर गोठ्यात कधी हसल्या नव्हत्या, हेही खरं.

गोठ्यात पुढच्या बाजूला हेडफोन खरखर करायचा. पत्र्यामुळं असेल. मागच्या कोपऱ्यात मात्र, जिथून घराची खिडकी सरळ समोर येते, तिथं आवाज काचेसारखा स्वच्छ. म्हणून आत्यांनी दुभती गाय त्या कोपऱ्यात बांधायला सुरुवात केली. त्या कोपऱ्याला भिंत नव्हती. कडब्याची गंजी होती, आणि गंजीला लागून ऊस.

थोड्या दिवसांनी आमचं कुत्रं गेलं. रात्री होतं, सकाळी नव्हतं. कुत्री जातात आमच्याकडं, त्याचं कोणी फार सुतक धरत नाही. मग गाय पान्हा चोरायला लागली. पुढं बांधली की दूध द्यायची, मागच्या कोपऱ्यात नेली की अंग आखडून उभी, कान मागं फिरवलेले, सारखी पाय बदलायची. आत्या म्हणाल्या, नजर लागली. मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका काही लागला नाही तेव्हा त्यांची खात्रीच झाली. मला त्या कोपऱ्यात जायला नको वाटायला लागलं होतं. का ते सांगता येत नव्हतं. झाडलोट करायला दिवसा गेले तरी मान आपोआप मागं वळायची आणि अंगावर काटा यायचा. मग मी स्वतःलाच शिव्या द्यायची.

आणि वन्संनी नवीनच एक टुमणं लावलं. आईला धाप लागतेय. मी कधी कॉम्प्युटरवर बसले की तेच. "वहिनी, आई बोलायची थांबली की तिचा श्वास ऐकू येतो. जड येतो. तिला डॉक्टरला दाखवा." मी म्हटलं, गाईंचा असेल. ती चिडली. "गाईचा फुसकारा मला कळत नाही का? मी त्याच गोठ्यात वाढलेय." अमेरिकेत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय, असं मी मनात म्हटलं. पण ती इतकी काळजीत होती की शेवटी मी आत्यांना एसटीनं नारायणगावला नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून दीर्घ श्वास घ्यायला लावला. म्हणाले, छाती एकदम साफ आहे, तुमच्यापेक्षा चांगली आहे. आत्या परतीच्या वाटेवर मला टोमणे मारत होत्या. त्यांना धाप लागत नव्हती हे मलाही दिसत होतं. घरात जिना चढताना नाही, शेतातून डोक्यावर ओझं आणताना नाही. वन्संना सांगितलं तर म्हणाली, "मग मला रोज काय ऐकू येतं?" मी म्हटलं, मशीन आहे, काहीही ऐकू येईल.

ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. नवरा टोमॅटोची गाडी घेऊन नारायणगावच्या मार्केटला गेला होता. आत्या नेहमीसारख्या डोक्याला हेडफोन लावून गोठ्यात गेल्या. मी पीठ मळत होते. तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगचं आमच्याकडं कोणाला काही वाटायचं नाही. पण कॉम्प्युटरला बॅटरीचा यूपीएस होता, तो टूं टूं करत कॉम्प्युटर आणि इंटरनेटची डबी चालू ठेवायचा. म्हणजे घर अंधारात, अंगण अंधारात, गोठा अंधारात, आणि आत्यांच्या कानात मात्र लेक तशीच बोलत असायची. लाईट गेल्याचं त्यांच्या गावीही नसायचं. धार काढायला त्यांना उजेड लागत नव्हता.

मी कंदील लावत होते तोच फोन वाजला. घरातला, तारेचा. उचलला तर वन्सं. मला काही कळेना. ही तर आत्यांशी कॉम्प्युटरवर बोलतेय.

"वहिनी, आई कुठं आहे?" अगदी दबक्या आवाजात.

"गोठ्यात. तुमच्याशीच बोलतायत ना?"

"बोलतेय. आत्तापण बोलतेय, मी माझा माईक बंद केलाय. माझ्या दुसऱ्या कानात ती बोलतेय, मावशीच्या सुनेचं सांगतेय. आणि श्वासपण चाललाय. वहिनी, ती बोलतेय आणि त्याच वेळी श्वास चाललाय. आई एकटी नाहीये तिथं."

पिठाचा हात तसाच रिसीव्हरला चिकटलेला. ती म्हणाली, "मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती घाबरून वाकेल. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. वहिनी, तुम्ही जा." आणि खरंच, तेव्हाच मला गोठ्यातून आत्यांचा आवाज आला. चढलेला, जुना, बूथवरचा आवाज. मावशीच्या सुनेची सगळी भानगड त्या अख्ख्या शिवाराला ऐकवत होत्या.

रिसीव्हर माझ्या हातातून सुटला. परात उचलली, उलथनं उचललं, बॅटरी काखेत दाबली आणि पळाले. ओरडायला गेले तर घशातून आवाज निघेना. माझा, जिचा आवाज चार मळ्यांना ऐकू जातो. परात बडवत गोठ्यात शिरले. आत्या गाईजवळ उकिडव्या बसलेल्या, चेहरा माझ्याकडं, कान झाकलेले. मला परात बडवताना बघून त्या हसल्या. त्यांना वाटलं, सुनेचं डोकं फिरलं. त्यांच्या खांद्यामागं, गंजीच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात दोन डोळे लागले. हिरवट. इतके जवळ की आत्यांनी हात मागं नेला असता तर लागला असता.

तो पळाला नाही. हे मला अजून सोसत नाही. मी परात फेकून मारली, ती दगडावर आपटून केवढ्यानं वाजली, तरी तो आधी उठला, माझ्याकडं पाहिलं, आणि मग आपल्या घरातून निघाल्यासारखा सावकाश उसात गेला. उसाची पानं थोडा वेळ हलली. तेव्हा आत्यांनी मागं वळून पाहिलं. त्यांना शेपटाचं टोक दिसलं असेल. त्या उठायला गेल्या आणि बसल्या जागीच कलंडल्या. बादली सांडली, हेडफोन डोक्यावरून उडून कडब्यात पडला. मी त्यांना काखेत धरून ओढत अंगणात आणलं. ओरखडासुद्धा नव्हता. माझा हात मात्र सोडत नव्हत्या.

परातीच्या आवाजानं शेजारच्या मळ्यातले भाऊबंद बॅटऱ्या, काठ्या घेऊन आले. फटाके उडवले, पत्रे वाजवले. माझे चुलत सासरे गंजीच्या मागं गेले आणि त्यांनी मला हाक मारली. कडब्यात एक खोलगट जागा झाली होती. दाबून दाबून गुळगुळीत झालेली, कडेला पिवळे केस. समोर बरोब्बर आत्यांची बसायची जागा. मधे गायसुद्धा आडवी येत नव्हती.

"हे आजचं न्हाई," चुलत सासरे म्हणाले. "हितं रोजचं बसणं हाये."

म्हणजे मायलेकी रोज बोलत होत्या तेव्हा तो तिथं होता. वन्संच्या सासूच्या कागाळ्या, तिकडच्या बर्फाचं कौतुक, ती रडायची ते, आत्या तिला समजवायच्या ते. सगळं तो मागं बसून ऐकत होता, आणि सातासमुद्रापार बसलेली वन्सं त्याला ऐकत होती. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिले.

आत्यांना घरात नेऊन टेकवलं. कोणी पाणी दिलं, कोणी अंगारा लावला. जो तो बोलत होता, कोणाकडं कशी शेळी नेली, कोणाचं वासरू. त्या गलक्यात मला कधीपासून एक आवाज टोचत होता. टूं टूं टूं. यूपीएस. बॅटरी संपत आली की तो घाई करतो. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. कॉम्प्युटर चालू आहे. हेडफोन कडब्यात पडलाय. आणि वन्सं अजून लाईनवर आहे.

तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं परात ऐकली, बादली ऐकली, हेडफोन आपटलेला ऐकला, आणि त्यानंतर आईचा आवाज बंद. घरचा फोन तिनं परत लावला असणार, पण रिसीव्हर मी तसाच लोंबकळत टाकलेला, त्यामुळं फोन एंगेज. भावाला मोबाईल लावला असणार, तो मार्केटच्या गोंगाटात. मी परत गोठ्यात पळाले. आता एकटीच, बॅटरीसुद्धा न घेता. कडब्यात तो निळा दिवा मिणमिणत होता, त्या खोलगट जागेच्या काठावरच. मी हेडफोन उचलून एका कानाला लावला.

वन्सं बोलत होती. घसा बसलेला, एकसुरी, कितीतरी वेळ तेच म्हणत असावी तशी. "आई, मोठ्यानं बोल. आई, मोठ्यानं बोल. आई, मोठ्यानं बोल."

माझ्या धापेचा आवाज माईकमध्ये गेला असावा. ती एकदम थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "कोण आहे?"

मी तोंड उघडलं आणि आत घरात यूपीएसनं लांब सूर धरला. कानात टक् झालं. निळा दिवा मिणमिणत राहिला, पण पलीकडं काहीच नव्हतं. तिनं शेवटचं काय ऐकलं असेल ते मला उमगलं. धापा टाकणारा श्वास, आणि मग काही नाही.

मी घरात आले ती माणसांना ढकलतच. लोंबकळता रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला. हात काढला नाही तोच फोन वाजला. आत्यांना उठवून आणलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, पहिल्यासारखा. ओरडायला गेल्या, पण ओठ नुसते हलले. मी रिसीव्हरला कान लावून शेजारी उभी राहिले.

तिकडं वन्सं कान लावून ऐकत असावी. मग ती म्हणाली, "बोलू नकोस. श्वास घे फक्त."

आत्यांनी श्वास घेतला. सोडला. परत घेतला. मी हातानं खूण करून सगळ्यांना गप्प केलं. घर माणसांनी भरलेलं, कंदिलाच्या उजेडात सगळे उभे. तिला एकच ऐकू यावा म्हणून मी माझा श्वास रोखून धरला होता.